शेरा

पाहणी तीन दिवसांची.
चौकात मोजणीला बसवलेली मुलगी मंतेगबोश,
रोजंदारीवर; दोन पेन्सिली, एक स्टूल खात्याचं,
छत्री तिची स्वतःची.

तक्त्यावर छापलेलं: सकाळी सात ते आठ.
तिच्या घड्याळात तेव्हा एक वाजतो.
आदिस अबाबात घड्याळ उजाडल्यापासून मोजतं,
फॉर्म मात्र परदेशी तज्ज्ञांनी केलेला.
तिनं सात खोडला नाही,
शेजारी बारीक एक लिहिला
आणि कामाला लागली.

मोटारी: चार उभ्या रेघा, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी,
पानभर कुंपणंच कुंपणं.
निळ्यापांढऱ्या मिनीबसच्या रकान्यात पेन्सिल इतकी चालली
की कागद पाठीमागून खरखरीत लागतो.
दारात लोंबकळणारी पोरं "पियासा, पियासा" ओरडतात,
ते मोजायचं नव्हतं.
'इतर' मध्ये अकरा गाढवं.
त्यातलं एक खोडलेलं. शेरा: आलं तसंच परत गेलं.

मी नियोजन खात्यात एकोणीस वर्षं.
आमचं एक सूत्र आहे,
बस म्हणजे तीन मोटारी, सायकल म्हणजे पाव,
सगळा रस्ता मोटारीत मोडून घ्यायचा,
दुकानदार गल्ल्यातली चिल्लर संध्याकाळी नोटांत करतो तसा.
तिसऱ्या दिवसाच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात,
तिनं विचारलंय:

पाठीवर निलगिरीची मोळी घेतलेली बाई
म्हणजे किती मोटारी?
मोळी आडवी असते. दोरीनं मापली.
लेनला वीतभर कमी.

आणि त्याखाली, रकाना संपल्यावर समासात:

हिरवा दिवा बावीस सेकंद. तिला एकतीस लागतात.
सहा वेळा पाहिलं.
लाकूड विकून मोकळी परतते तेव्हा अठरा.
नाव अस्काले. नावाला जागा नव्हती.

बैठकीत टेबलावर उड्डाणपूल होता, थर्माकोलचा,
स्पंजाची झाडं, काडीएवढी माणसं,
सगळी एका उंचीची, सगळी ताठ.
मी नऊ सेकंद मागितले.
अतो गेब्रेयेस म्हणाले, नऊ सेकंदांनी मागे किती मोटारी तुंबतील?
चौदा, मी म्हणालो.
चौदा मोटारींत माणसं किती, हे त्यांनी विचारलं नाही,
आणि मला पटकन सुचलं नाही.
जिना उतरताना सुचलं:
एका मिनीबसइतकी.

चार मिळाले.
बाजारात होतं तेच झालं,
फक्त इथे इतिवृत्त लिहिलं गेलं.

गुरुवारी मी स्वतः जाऊन उभा राहिलो.
पेटीची किल्ली खिशात, हातात घड्याळ, सही झालेले सव्वीस सेकंद.
एंतोतोच्या उतारावरून ती आली,
कपाळ रस्त्याकडे,
तिला दिवा दिसतच नव्हता,
समोरच्या माणसाच्या टाचा हलल्या तशी ती हलली.
दुभाजकाशी पोचली आणि लाल झाला.
ती थांबली. बाई दुभाजकावर,
मोळीची दोन्ही टोकं दोन्हीकडच्या लेनमध्ये.

भोंगे सुरू झाले.
मग एक मिनीबस हळू झाली,
दारातल्या पोरानं "पियासा" अर्ध्यात सोडून
हात लांब केला,
मोळीचं टोक धरलं, उंबऱ्यावर कुणाच्या घराचं दार धरावं तसं,
आणि बस त्याच्या हाताखालून
इंचाइंचानं पुढे सरकली.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं.

मंतेगबोशची नेमणूक संपली होती.
स्टुलाच्या चार पायांचे खळगे
मातीत अजून होते.
मी तिचाच तक्ता काढला, घडीवर घडी पडलेला,
गुडघ्यावर टेकवून, तिच्या अक्षराखाली,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:

अजून पाच.